गालफडाचा विद्युतरोध

अध्यक्ष महोदय आणि दंतवैद्य मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत माझा विषय 'तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीत विद्युत मोजमापाचे स्थान' असा छापला आहे. त्या स्थानापर्यंत मी पोहोचणार आहेच. परंतु वाटेत १९२५ सालचे अमेरिकेतील क्लीव्हलंड लागते आणि तेथे मी थोडा अधिक रेंगाळतो, अशी माझ्या विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे.

तेथे ह्यूगो फ्रिके हा मूळचा डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींमधून प्रत्यावर्ती प्रवाह सोडत होता. कमी वारंवारतेला प्रवाह पेशींना वळसा घालून जातो, कारण पेशीचे आवरण त्याला अडवते. वारंवारता पुरेशी वाढवली, की तेच आवरण कपॅसिटरसारखे वागते आणि प्रवाह पेशीच्या आतून जाऊ लागतो. या फरकावरून फ्रिकेने आवरणाची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड काढली आणि आवरण तेलकट द्रव्याचे असावे असे गृहीत धरून त्याची जाडी ३.३ नॅनोमीटर सांगितली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते आवरण नीट दिसायला अजून दोन-तीन दशके होती! लगेच १९२६ मध्ये त्याने आणि त्याचे सहकारी मॉर्स यांनी स्तनाच्या गाठी मोजल्या आणि घातक गाठींची धारिता वेगळी, म्हणजे अधिक, भरते असे नोंदवले. माझी तक्रार एवढीच, की भौतिकशास्त्र इतके जुने असूनही दर काही वर्षांनी ते 'क्रांतिकारी शोध' म्हणून परिषदांमधून मिरवले जाते, आणि श्रोत्यांमधून पहिला प्रश्न येतो तो 'यात लाल-हिरवा दिवा आहे का?' असा.

आता तोंडाकडे येऊ. निरोगी गालफडाच्या अस्तरात वरच्या पेशी चपट्या असतात आणि कौलांसारख्या एकमेकींवर बसलेल्या असतात. त्यामुळे कमी वारंवारतेच्या प्रवाहाला त्यांच्या फटींतून लांबचा, नागमोडी रस्ता काढावा लागतो आणि रोध जास्त भरतो. कर्करोगपूर्व बदलांत ही रचना विस्कटते, पेशी गोलसर राहतात, त्यांच्यामधील जागा वाढते आणि रोध उतरतो. इंग्लंडमधील शेफिल्डच्या ब्रायन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गर्भाशयमुखाबाबत हेच दाखवले. त्यातून पुढे आलेल्या उपकरणाची पेन्सिलीएवढी कांडी चार इलेक्ट्रोडांनी ७६ हर्ट्झ ते ६२५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात चौदा वारंवारतांवर मोजमाप करते. त्याच शहरात नंतर तोंडातील चट्ट्यांवरही ही पद्धत वापरून पाहिली गेली.

मात्र गर्भाशयमुखाला पान खाण्याची सवय नसते. एका शिबिरात उद्घाटनाला आलेल्या मान्यवरांनी 'पहिली तपासणी माझीच' असा आग्रह धरला. त्यांच्या गालाला कांडी लावली, तर रोध इतका कमी आला, की आमचा तंत्रज्ञ घाबरून माझ्याकडे आणि मी घाबरून त्यांच्या स्वीय सहायकांकडे पाहू लागलो. साहेबांनी भाषणापूर्वी लावलेला विडा गालात तसाच होता. चुना, लाळ आणि काताचे ते मिश्रण उत्तम विद्युतवाहक असते. ते इलेक्ट्रोडांमध्ये पसरले, की प्रवाह ऊतीत उतरतच नाही. चूळ भरून गाल कोरडा केल्यावर आकडा जागेवर आला, आणि तंबाखू सोडण्याविषयीच्या त्यांच्या भाषणाला लोकांनी मोठ्या टाळ्या दिल्या. आपण हसलात, पण अडचणी खऱ्या आहेत: कांडी किती जोराने दाबली, चट्ट्यावर केरॅटिनचा, म्हणजे नखात असते तशा कठीण प्रथिनाचा, थर किती जाड आहे, या सर्वांनी आकडा हलतो. जाड पांढऱ्या चट्ट्यात केरॅटिन रोध वाढवते आणि खालचा बिघाड तो उतरवतो. दोघे मिळून यंत्राला गप्प बसवू शकतात. टाळू आणि हिरड्या तर निरोगी असतानाच केरॅटिनयुक्त असतात, म्हणून गालाचा मापदंड तेथे चालत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाचच मिनिटे उरली असल्याने मुख्य मुद्दा भराभर सांगतो. समजा, हजार लोकांत दहा जणांना धोकादायक चट्टा आहे आणि यंत्र दोन्ही बाजूंनी नव्वद टक्के अचूक आहे. दहापैकी नऊ सापडतील, परंतु उरलेल्या ९९० मधील ९९ निरोगी माणसेही बायोप्सीच्या, म्हणजे तुकडा काढून तपासण्याच्या, रांगेत उभी राहतील. म्हणून प्रत्येक तोंडात कांडी घालणे मला मान्य नाही.

डोळ्यांनी केलेली तपासणी टाकाऊ नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ तोंड पाहिले, तरी तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी मशेरी आणि तंबाखू-चुना घरोघरी आहेतच. तेव्हा आशाताईंनी पाहून चट्टा शोधावा आणि कांडी त्या चट्ट्यावरच लावावी. तुलनेला समोरचा गाल घेण्याची पद्धत आहे, पण तंबाखू खाणाऱ्याचा दुसरा गालही बिघडलेला असू शकतो, म्हणून तुलना त्याच चट्ट्याच्या आधीच्या आकड्याशीही करावी. ज्या चट्ट्याची बायोप्सी आज निकडीची वाटत नाही, त्याची वारंवारतांनिहाय नोंद ठेवून ठरावीक अंतराने मोजमाप पुन्हा करावे आणि रोध उतरू लागला, की रुग्णाला तालुक्याहून जिल्हा रुग्णालयात पाठवावे. आकडा स्थिर असला, तरी डोळ्याला किंवा बोटाला शंका आली, तर बायोप्सी करायचीच. सबम्युकस फायब्रोसिसबद्दल, म्हणजे तोंडाचे अस्तर तंतुमय होऊन ताठरते त्या विकाराबद्दल, बोलायचे राहून गेले. तंतुमय ऊतीचा रोध हा स्वतंत्र तासाचा विषय आहे, त्याविषयी प्रश्नोत्तरांत जरूर विचारा.