गाठ जिवंत आहे की मेलेली?

(पडद्यावर सोनोग्राफीचं चित्र)

हे यकृत, करडं. त्यात हा काळाकुट्ट गोल. काळं म्हणजे पाणी. आता रुग्णाला कुशीवर वळायला सांगितलंय. बघा, तळाशी बसलेले पांढरे कण उठले, भुरभुरले. ही हायडॅटिड वाळू; हायडॅटिड म्हणजे फीतकृमीमुळे झालेली पाण्याची गाठ. हिच्यात फीतकृमीची सूक्ष्म डोकी असतात. गाठीची भिंतही दुहेरी रेघेची. म्हणजे गाठ जिवंत आहे.

हा कृमी, इकायनोकॉकस, जेमतेम काही मिलिमीटरचा. राहतो कुत्र्याच्या आतड्यात. अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात. मेंढी कापली की गाठी असलेली कलेजी कुत्र्यापुढे पडते. माणूस मध्येच सापडतो, न धुतलेल्या हातांमुळे. मग वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही. महाराष्ट्रातही असे रुग्ण सापडतात.

(दृश्य: तुर्काना, केनियाचा वायव्य भाग)

भटके पशुपालक, आणि घरात लेकरांच्या अंगाला अंग लावून कुत्री. १९८०च्या दशकात इथल्या वस्त्यांवर सोनोग्राफीचं यंत्र नेलं गेलं. तोवर आजार मोजायचा तो मुख्यतः हॉस्पिटलातल्या ऑपरेशनांवरून. यंत्र फिरायला लागलं तेव्हा कळलं, पोटात गाठ घेऊन धडधाकट माणसं गुरांमागे हिंडतायत.

पण गाठ दिसली म्हणजे काम संपलं नाही. १९८१ साली ट्युनिसियाचे हसन घर्बी आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत दिसणाऱ्या रूपांवरून गाठींचे पाच प्रकार पाडले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्यांची सीई-१ ते सीई-५ अशी मांडणी केली; सीई म्हणजे सिस्टिक इकायनोकॉकोसिस, याच आजाराचं नाव. पहिले दोन जिवंत, तिसरा अधला-मधला, शेवटचे दोन थंडावलेले. सीई-४ आतून लोकरीच्या गुंड्यासारखी दिसते, सीई-५ ची भिंत चुन्याने टणक झालेली असते. हा चुना सीटी स्कॅन छान दाखवतो, पण गाठीच्या आतला तपशील बघायला साधी सोनोग्राफीच सरस. महागडी तपासणी म्हणजे चांगली, हा समज इथे सोडावा लागतो.

पूर्वी या गाठीला सुई लावायची नाही, असा दंडकच होता. पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी आणि नव्या गाठी. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून निवडक गाठींसाठी वाट निघाली. अल्बेंडाझोल हे कृमिनाशक औषध सुरू ठेवून, सोनोग्राफीत बघत बघत, यकृताच्या मांसातून सुई आत. पाणी ओढायचं. ते नितळ हवं. पित्त मिसळलेलं निघालं तर तिथेच थांबायचं. नसेल, तर तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल आत सोडून दहा-पंधरा मिनिटांनी परत ओढून घ्यायचं.

सीई-४, सीई-५ असेल आणि काही त्रास नसेल, तर गोळी नाही, सुई नाही, ऑपरेशनही नाही. घरचे म्हणतात, ‘‘डॉक्टर, गाठ आहे तर काढून टाका ना!’’ डॉक्टर काढत नाहीत, अधूनमधून सोनोग्राफी करतात. आपणहून थंडावलेली गाठ सहसा पुन्हा उठत नाही. औषधाने इथवर आणलेली मात्र कधी कधी उठते, म्हणून तिच्यावर जास्त बारीक नजर.