सारखा दिसणारा संच घेऊ नये

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘मराठी इतिहाससंशोधकांच्या पहिल्या पिढीची पुस्तके : संग्रह कोठून सुरू करावा’. तिकडे येतोच. पण आधी रेक्झिनबद्दल, म्हणजे बांधणीच्या त्या नकली चामड्याबद्दल, चार शब्द बोलू द्या.

रद्दीवाल्यापासून ऑनलाइन विक्रेत्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एक शब्द असतो, ‘युनिफॉर्म सेट’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुनी पत्रं गोळा करून छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड, सगळे एकाच मरून रेक्झिनमध्ये, पाठीवर सोनेरी अक्षरं. वरातीतल्या बँडवाल्यांसारखे ओळीत उभे! आता जरा विचार करा. पहिला खंड निघाला १८९८ साली, वाईला. पुढचे काही कोल्हापूरच्या विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून हप्त्याहप्त्यानं आले. छापखाने वेगळे, कागद वेगळा. ही भावंडं जन्मतःच एका चेहऱ्याची नव्हती. आज ती सारखी दिसत असतील, तर मधे कोणीतरी सुरी चालवली आहे.

ती कशी चालते तेही ऐका. बाइंडर सगळ्यात आधी मासिकाचं वेष्टन फाडतो, तो पातळ रंगीत कागद. ‘जाहिरातीच आहेत की त्यावर!’ असतात ना. पण अंकाचा क्रमांक, महिना, वर्गणी, टपालहशील हेही तिथंच असतं. हप्त्यानं निघालेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, म्हणजे नाव-साल छापलेलं आतलं पहिलं पान, बऱ्याचदा शेवटच्या हप्त्याबरोबर सुटं मिळायचं. ते गहाळ झालं असेल, तर पुस्तक कधीचं हे सांगणारा वेष्टन हाच एक साक्षीदार उरतो. आणि तो गेला टोपलीत.

मग शिवण. जुन्या जुजबंदीत प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एक मोठा कागद दुमडून झालेल्या पानांच्या जुडीच्या, घडीतून दोरा जातो आणि पुस्तक सपाट उघडतं. त्याला वेळ लागतो. म्हणून घड्या कापून टाकायच्या, कडेपासून सेंटीमीटरभर आत टोच्यानं भोकं पाडायची आणि आडवे टाके घालायचे. पुस्तक मजबूत होतं, फक्त उघडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असतं, तो वर्षागणिक ठिसूळ होत जातो. वाचणारा पान दाबून उघडायला जातो आणि पान टाक्यांच्या रेषेवर पापडासारखं मोडतं. गंमत अशी की, त्याआधीची चिंध्यांच्या कागदावरची शिळाप्रेसची, म्हणजे दगडावरून छापलेली, पुस्तकं याहून चांगल्या स्थितीत सापडतात.

त्यानंतर कटिंग मशीन, तीन बाजूंनी. समास जातो आणि समासातली कोणा वाचकाची मोडीतली टिपणंही जातात. आणि शेवटी खळ. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. कीड मरते, कबूल. पण तांब्याचे क्षार कागदाचा नाश आणखी लवकर करतात. पुठ्ठ्यालगतची पहिली दोन पानं सगळ्यात तपकिरी दिसली, तर खळीवर संशय घ्यायला जागा आहे.

मग करायचं काय? काहीच नाही! शिवण सुटलीय, सुटू दे. आपल्याकडे पोथ्या बासनात बांधायची रीत होती, ती यापेक्षा शहाणपणाची. धुऊन खळ काढलेलं मांजरपाटाचं फडकं घ्या, वरखाली आम्लरहित पुठ्ठा ठेवा आणि सुती नाडीनं बांधा. रबरबँड नको, तो वितळून चिकटतो. सेलोटेप तर नकोच नको. तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग जन्मभर राहतो. पान जोडणं अगदीच भाग असेल, तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ. तीसुद्धा आधी एखाद्या रद्दी पानावर हात बसल्यावर.

आता प्रत पुरी आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? पानांचे आकडे चाळणं पुरेसं नाही, पान तळाशी पाहायचं. बऱ्याच जुन्या पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. फर्मा सोळा पानांचा असेल, तर पान १७ वर २, पान ३३ वर ३, पान ९७ वर ७. फर्मा आठ पानांचा असेल, तर २ हा आकडा पान ९ वर. एक आकडा गायब, म्हणजे अख्खा फर्मा गेला असण्याची शक्यता. प्रस्तावनेचे पृष्ठांक बहुधा वेगळे असतात, ते वेगळे मोजा. राजवाड्यांच्या बाबतीत तर प्रस्तावना गेली म्हणजे निम्मा खंड गेला. आणि शेवटचं शुद्धिपत्र. तो सुटा चिटोरा सगळ्यात आधी हरवतो, आणि पत्रातली तारीख चुकीची छापली गेली होती हे त्यातूनच कळतं.

साल शकात असेल, तर ७८ मिळवा. शके १८२० म्हणजे १८९८. पण शक बदलतो चैत्रात, त्यामुळे पौष-माघातल्या पुस्तकाला बहुधा ७९ लागतात. मुखपृष्ठामागं ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे’, म्हणजे पुस्तकांच्या नोंदणीच्या कायद्याप्रमाणे, असं दिसलं, तर पुस्तक त्या सालानंतरचं, विक्रेता काहीही म्हणो.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? बरं. म्हणजे मूळ विषयाला दहा मिनिटं.

सुरुवात एका तालुक्यापासून करा, ‘मराठ्यांचा इतिहास’ एवढं आभाळ कवेत घेऊ नका. पहिलं पुस्तक आपल्या जिल्ह्याचा जुना मुंबई इलाख्याचा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ. रत्नागिरी-सावंतवाडी १८८०, नाशिक १८८३, सातारा १८८५. पुण्याचे तीन भाग आहेत, तिन्ही असल्याशिवाय ‘पूर्ण’ म्हणू नका. नकाशा आहे ना, ते उघडून पाहा. शासनानं काढलेली पुनर्मुद्रणंही बाजारात आहेत. वाचायला उत्तम, पण मूळ म्हणून पैसे मोजू नका. पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवा. खिळ्यांच्या छपाईचा ठसा बऱ्याचदा हाताला लागतो, ऑफसेटचा लागत नाही.

त्यानंतर मासिकं. ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ पासूनचा, पारसनिसांचा ‘इतिहाससंग्रह’ १९०८ पासूनचा. सुटे अंक वेष्टनासकट मिळाले, तर बांधीव वर्षापेक्षा त्यांना जास्त द्या. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून भागाभागानं निघाला. त्यात पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं आहेत. मिरज-सांगलीकडचा तो पटवर्धनांचा मुलूख तुमचा असेल, तर तिथूनच आरंभ करा. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादलेली पेशवे दप्तरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतल्या, पत्रांची निवड पंचेचाळीस भागांची, १९३० च्या दशकातली. ती सगळी घ्यायला कोणी सांगितलंय? तुमच्या तालुक्याची पत्रं ज्या भागांत आहेत ते घ्या. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाचे १८२६ चे तीन खंड नंतर, ऐपत असेल तर.

वाचनालयाचा शिक्का असेल, तर शेजारी ‘बाद’ किंवा ‘रद्द’ शिक्का शोधा. नसेल, तर आधी त्या वाचनालयात विचारा. पुस्तकात मोडी कागद सापडला, तर तो पुस्तकाबरोबरच ठेवा. ऐतिहासिक मोलाचं पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते परदेशातल्या भाच्याला कुरिअर करायचं नसतं.

नवी खरेदी थेट कपाटात नको. पानांतून बारीक भुकटी पडत असेल, तर आत जिवंत कीड आहे असं समजा. पुस्तक पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव कागदावर धरतं. उन्हात वाळवू नका. डांबरगोळ्या नकोत. कोकणातल्यांनी पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीची वाट न पाहता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढावं.

हो, थांबतोच. ‘काव्येतिहाससंग्रहा’चे काही सुटे अंक मागच्या टेबलावर ठेवलेत. हात धुऊन, नीट कोरडे करून पाहा. चहा अलीकडच्या टेबलावर आहे आणि तो तिथंच राहू द्या. एखादं वेष्टन निसटून खाली पडलं, तर कृपा करून ज्या अंकाचं असेल त्यातच परत ठेवा.