कागदावरचे दोन हजार एचपी

(दृश्य : शिरोली एमआयडीसी. भट्टीतून लेडलमध्ये उतरणारं लोखंड.)

कोल्हापूरची फौंड्री. विमानाचं इंजिन इथं बनत नाही, कधी बनलंही नाही. तरी एका नौदल युद्धाचा निकाल इथं लागला.

(दृश्य : राजारामपुरीतली गच्चीवरची खोली. नकाशा, वह्या, चहाचे ग्लास.)

ही मंडळी सुट्टीत 'असं झालं असतं तर' असा नौदल युद्धाचा खेळ खेळतात. त्यांच्या इतिहासात १९२२चा वॉशिंग्टन नौदल करार, म्हणजे मोठ्या देशांच्या युद्धनौकांवर मर्यादा घालणारा करार, झालेलाच नाही. प्रत्येकाकडे एक देश. गोद्या, पैसा, विमानं, सगळ्याचा हिशेब वहीत. करारच नाही म्हटल्यावर अमेरिकेच्या लेक्सिंग्टन आणि साराटोगा विमानवाहू झाल्याच नाहीत, मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका, म्हणजे बॅटलक्रूझर, राहिल्या. जपानची अकागीही तशीच. भूकंप मात्र पंचांनी ठेवलाय. १ सप्टेंबर १९२३ला जपानच्या योकोसुका गोदीत बांधकाम चालू असलेल्या अमागी या बॅटलक्रूझरचा सांगाडा कामातून गेला, तो या खेळातही गेला. कोणी हरकत घेतली तर पंच म्हणतात, "भूकंप काय सही करून येतोय व्हय?"

वाद पेटला तो इंजिनावरून. जपान खेळणाऱ्या पोराने १९४१च्या चालीत २००० एचपीचं इंजिन मागितलं.

(दृश्य : त्याचा तक्ता. कॅमेरा आकड्यांवरून हळू सरकतो.)

तक्ता मेहनतीचा आहे. जपानच्या झिरो या लढाऊ विमानाचं इंजिन नाकाजिमा साकाए : चौदा सिलिंडर, सगळ्यांची मिळून क्षमता २७.९ लिटर, ९४० एचपी. लिटरमागे साधारण ३४. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १३० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १५०. याच मापाचे अठरा सिलिंडर बसवले की झालं जपानचं पुढचं इंजिन होमारे, ३५.८ लिटरचं. त्यातून २००० काढायचे तर लिटरमागे ५६ एचपी हवेत. समोर अमेरिकेचं प्रॅट अँड व्हिटनी आर-२८००. सिलिंडर अठराच, पण ४६ लिटर. तेवढ्याच ताकदीला लिटरमागे ४४ पुरतात. ते १९३७मध्ये पहिल्यांदा चाललं आणि १९४०मध्ये त्याच्या जोरावर कॉर्सेअर या लढाऊ विमानाचा नमुना ताशी ४०० मैलांच्या पुढे गेला. पोराचं म्हणणं, होमारेचा व्यास ११८ सेंटिमीटर, आर-२८००चा १३४. लहान इंजिन, हवेचा अडथळा कमी, ताकद तीच. मग हुशार कोण?

पंचांचं आयुष्य इंजिनच्या कास्टिंगमध्ये गेलेलं. त्यांनी तक्ता बाजूला सारला. "पेट्रोल कुठलं घालणार ते सांग की आधी."

अमेरिकेकडे १०० ऑक्टेनचं पेट्रोल होतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल अवेळी न भडकता किती दाब सोसतं त्याचं माप. जपानकडे त्याहून कमी ऑक्टेनचं. लिटरमागे जास्त ताकद काढायची तर सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबावी लागते, आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल त्या दाबाखाली अवेळी भडकतं. गॅरेजवाले ज्याला नॉकिंग म्हणतात, तेच. होमारेत त्यासाठी पाणी आणि मिथेनॉल फवारावं लागलं. पेट्रोलचं असं झालं. उष्णतेचं काय? ते दाखवायला पंच सगळ्यांना फौंड्रीत घेऊन आले.

(दृश्य : ओतकाम. मग एका हातात एअरकूल्ड डिझेल इंजिनचा सिलिंडर.)

या फिन बघा, हवेने सिलिंडर गार ठेवणाऱ्या पाकळ्या. बोट फिरवलं की कोपऱ्यातली एक अर्धवट भरलेली लागते. मेटल टोकापर्यंत पोचायच्या आत गार झालं. हा पीस रिजेक्ट. लोखंडाच्या या जाड फिनची ही कथा. विमानाच्या इंजिनात सिलिंडरच्या हेडवर, म्हणजे वरच्या झाकणावर, त्याहून पातळ फिन लागतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये, एकमेकींना खेटून. दोन फिनमधली वाळूची भिंत साचा उचलतानाच ढासळायची भीती. आर-२८००च्या पुढच्या सी मालिकेत तर प्रॅट अँड व्हिटनीने ओतलेली हेड सोडून दिली; घडवलेल्या धातूच्या ठोकळ्यात करवतींनी फिन कापल्या. त्याला अवजड हातोडे हवेत, खास मशिनं हवीत आणि ती चालवणारा कारागीर हवा. एका इंजिनाला हेड अठरा. आणि नौदल एका इंजिनावर लढत नाही.

आम्ही पंचांच्या बाजूचे आहोत, ते लपवत नाही. एचपीचे तक्ते करणाऱ्याने फेटलिंगला, म्हणजे ओतलेले पीस घासून साफ करायला, एक शिफ्ट काढावी. खऱ्या युद्धातही होमारे शेवटी याच पायी अडलं. कच्चा माल घसरला, तयार कामगार सैन्यात गेले, कागदावरची ताकद विमानाला क्वचितच मिळाली.

(दृश्य : पंच वहीत लाल पेनने लिहितात.)

निकाल : १९४१मध्ये होमारे नाही. पुढे मिळेल, तेही आकड्यात कपात करून. त्या चालीत जपानची दोन विमानवाहू जहाजं बुडाली.

पोरगं आता तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याला पैसे मागतंय. ब्रिटनवाल्याने नेपियर सेबर या इंजिनाचा अर्ज टाकलाय, चोवीस सिलिंडर, स्लीव्ह व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत सरकणारी नळी हाच व्हॉल्व्ह. त्यावर पंचांनी एवढंच लिहिलंय : "स्लीव्ह गोल कोण घासून देणार?"