पळून जाणार कुठं?

(तालुक्याच्या वकील मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

'आरोपी पळून जाईल' म्हणून जामिनाला विरोध होतो, त्यातल्या प्रत्यार्पणावर, म्हणजे परदेशातल्या आरोपीला तिथल्या सरकारकडून परत मिळवण्यावर, बोलायचं कबूल केलंय, बोलतोच. पण आधी मिरचीवाल्याचं ऐका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी तालुक्यांकडच्या मंडळींना हे नवीन नाही.

धान निघालं की आपली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. माझा एक पक्षकार तसाच, भूमिहीन. गावातल्या मारामारीत नाव आलं. तपास अधिकाऱ्यांच्या 'से'मध्ये, म्हणजे जामीन अर्जावरच्या लेखी म्हणण्यात, एकच ओळ: आरोपी परराज्यात जातो, सोडल्यास फरार होईल. तो मला म्हणाला, "मी कुठी पळू जी? घरी बुढी आहे, तिले कोण पायल?" जामीन झाला, पण जामीनदार सातबारावाला पाहिजे. सासरा कागद घेऊन आला, तर त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नाकारला. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर होती. बायको लहान पोर घेऊन एकटीच मिरचीला गेली आणि हा हंगामभर जेलात.

मला याचा आजही संताप येतो. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात हेच झालं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्या. कृष्णा अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. तो निवाडा आपण उघडत का नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे. माणूस जातो हे सरकार पक्ष सांगतो. तो दरवर्षी धानाच्या रोवण्याला परत येतो, हे आपण सांगायचं. रोहयोचं जॉबकार्ड, रेशनकार्ड, पोरांच्या शाळेचा दाखला, सगळं अर्जाला जोडा.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तर आता प्रत्यार्पण, भराभर. पक्षकार दुबईत कामाला असेल तर सरकारी वकील परदेशात पळालेल्या मल्ल्या आणि नीरव मोदीचं उदाहरण काढणारच. माजी अर्थमंत्री चिदंबरम यांच्या जामिनाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की दुसरे पळाले म्हणून हाही पळेल असं धरता येत नाही. दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ चा प्रत्यार्पण करार आहे, पळाला तरी परत आणता येईल म्हणून तो जरूर दाखवा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. नीरव मोदीला लंडनमध्ये अटक झाली मार्च २०१९ मध्ये आणि प्रत्यार्पणाला कोर्टाची मान्यता मिळाली फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्यापुढंही अपिलं चालली. प्रत्यार्पणाला अशी वर्षं लागतात, हे न्यायाधीशांना ठाऊक असतं. म्हणून पासपोर्टवरचे परतीचे शिक्के दाखवा, तो कोर्टात जमा करायची तयारी अर्जातच लिहा. पोलिसांनी आधीच अडकवून ठेवला असेल तर सुरेश नंदा, २००८ हा निवाडा वाचा: ताब्यात घेणं वेगळं, इम्पाउंड करणं, म्हणजे अडकवून ठेवणं, पासपोर्ट अधिकाऱ्याचंच काम. आणि मोबाईलवरून सतत ठिकाण दाखवायची अट आली, तर फ्रँक व्हिटस, २०२४ हा निवाडा पुढं करा. ती अट टिकत नाही.