युरोपीय संघातील लवचीक एकात्मता : आत कोण, बाहेर कोण

आजच्या विषयाकडे मी करारांच्या कलमांवरून न येता व्हिसाच्या कागदावरून येणार आहे. पुण्यामुंबईहून युरोपच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या पासपोर्टात शेंगेन व्हिसा असतो. त्याच्या आधारे ते कोपनहेगनला उतरते आणि डेन्मार्क १९७३ पासूनचा युरोपीय संघाचा सदस्य असूनही तिथले चलन युरो नसून क्रोन आहे, हे त्याला पहिल्याच दुकानात कळते. झुरिचला तोच व्हिसा चालतो, पण स्वित्झर्लंड संघाचा सदस्यच नाही. डब्लिनमध्ये खिशातला युरो चालतो, मात्र शेंगेन व्हिसा चालत नाही. सहलीची आखणी करणाऱ्याला ही निव्वळ कटकट वाटते. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी तिला लवचीक एकात्मता असे नाव दिले आहे. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाने सगळे पदार्थ घ्यायलाच हवेत, की काही नाकारायची मुभा असावी, असा हा वाद आहे.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे एक छोटे गाव. समोर जर्मनी, शेजारी फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी तिथे नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मरी-आस्त्रिद’ या बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी सीमेवरची तपासणी टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या करारावर सह्या केल्या. त्या वेळी युरोपीय समुदायाचे, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपाचे, सदस्य दहा होते, म्हणजे निम्मे देश बाहेरच राहिले. सह्या करायला आलेली मंडळीही प्रामुख्याने राज्यमंत्री दर्जाची होती, यावरून त्या दिवशी या कराराला किती वजन दिले गेले होते, याची कल्पना येते. प्रत्यक्ष तपासणी थांबायला मार्च १९९५ उजाडला, आणि अॅमस्टरडॅम करारामुळे १९९९ मध्ये ही सगळी व्यवस्था संघाच्या कायद्यात सामावली गेली. आज शेंगेनमध्ये एकोणतीस देश आहेत आणि त्यांतले चार संघाबाहेरचे आहेत. थोड्यांनी पुढे जावे, दार उघडे ठेवावे आणि बाकीच्यांनी सवडीने यावे, या पद्धतीचे याहून ठळक यश मला दाखवता येणार नाही.

आयर्लंड बाहेर राहिले ते मात्र युरोपविषयीच्या नाराजीमुळे नव्हे. ब्रिटनबरोबर त्याचे मुक्त प्रवासाचे जुने क्षेत्र आहे, आणि शेंगेनमध्ये गेल्यास ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पहारा बसवावा लागला असता. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी वडिलांकडून नाते असलेले लिओ वराडकर तिथे २०१७ मध्ये पंतप्रधान झाले, आणि ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत हाच सीमाप्रश्न त्यांच्यापुढे उभा ठाकला, हे जाता जाता सांगतो.

खरा बोध डेन्मार्कपासून घ्यावा. जून १९९२ च्या सार्वमतात डॅनिश मतदारांनी युरोपीय संघ आणि एकच चलन यांचा पाया घालणारा मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी फेटाळला. सगळ्या राष्ट्रांची संमती आवश्यक असल्यामुळे हा करार तिथेच अडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एडिंबरा येथे तोडगा निघाला : एकच चलन, संरक्षण, न्याय व गृहविषयक सहकार्य आणि संघाचे नागरिकत्व या चार बाबतींत डेन्मार्कला सूट मिळाली, आणि मे १९९३ मध्ये त्याच मतदारांनी होकार दिला. सूट मिळाली, तिची किंमत मात्र पुढे कळत गेली. क्रोनचा दर युरोशी बांधलेला आहे, एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन. त्यामुळे फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेत व्याजदर हलला की डॅनिश मध्यवर्ती बँकेला सहसा त्यामागून जावे लागते, पण तो दर ठरवणाऱ्या मंडळात तिला मत नाही. दुसरे उदाहरण पोलिसांचे. २०१५ मध्ये मतदारांनी न्यायविषयक सूट सैल करायला नकार दिला, म्हणून २०१७ मध्ये डेन्मार्क युरोपोल या संघाच्या पोलीस-सहकार्य संस्थेच्या पूर्ण सदस्यत्वाबाहेर गेले. घाईघाईने वेगळा करार करून काम चालू ठेवावे लागले. माहितीकोशात स्वतः शोध घेण्याचा हक्क गेला आणि डॅनिश पोलिसांना युरोपोलमधल्या डॅनिश जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे विचारणा पाठवावी लागू लागली. बाहेर राहणारा नियमांच्या कक्षेतून फारसा सुटत नाही, नियम ठरवण्यातला त्याचा वाटा तेवढा जातो, असे माझे मत आहे.

वर्धित सहकार्य नावाची रीतसर तरतूदही संघाच्या करारात आहे. किमान नऊ सदस्यांनी एकत्र यायचे, आणि इतरांना पुढे सामील होण्याची वाट मोकळी ठेवायची. आंतरराष्ट्रीय विवाहांतील घटस्फोटाला कोणत्या देशाचा कायदा लावायचा, या प्रश्नावर २०१० मध्ये चौदा देशांनी तिचा पहिला वापर केला. एकात्मिक पेटंटच्या, म्हणजे सहभागी देशांत एकत्रच लागू होणाऱ्या पेटंटच्या, वेळी ते कोणत्या भाषांत द्यायचे यावरून इटली आणि स्पेन न्यायालयात गेले व हरले. इटली नंतर आत आले, स्पेन अजून बाहेर आहे. वित्तीय व्यवहारांवरील कराला २०१३ मध्ये अकरा देशांना परवानगी मिळाली, आणि तो कर अद्याप कागदावरच आहे. म्हणजे नऊ-अकरा जण जमले, की काम होतेच असेही नाही.

ब्रिटनजवळ तर सवलतींची रास होती : युरो नाही, शेंगेन नाही, न्यायविषयक बाबतींत निवडीची मुभा, शिवाय वर्गणीत परतावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ‘अधिकाधिक घट्ट संघ’ या उद्दिष्टातूनही ब्रिटनला वगळण्याचे आश्वासन मिळवले. तरी जूनमध्ये ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. याला मी लवचीकतेचा पराभव म्हणणार नाही. त्या प्रचारात सर्वाधिक तापलेले विषय म्हणजे कामगारांचा मुक्त वावर आणि युरोपीय न्यायालयाचा अधिकार. हे दोन्ही एकसंध बाजारपेठेचे आधारस्तंभ आहेत, आणि त्यांवर सूट दिली तर उरलेल्या सदस्यांनी एकमेकांना बाजार कशाच्या भरवशावर खुला ठेवायचा, हा प्रश्न उभा राहतो. कडेच्या गोष्टींवर कितीही सवलती दिल्या, तरी भांडण गाभ्याशी असेल तर त्या पुरत नाहीत. डेन्मार्कचे भांडण गाभ्याशी नव्हते. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, १ जून २०२२ रोजी, तिथल्या जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी संरक्षणविषयक सूट आपणहून सोडून दिली. क्रोन मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही.