हुक-अप केबल: आधी पूर्ण उलगडा, मग लाइट

नमस्कार श्रोतेहो. ईस्टर जवळ आला की दारातल्या कॅरव्हॅनवरची, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरावरची, आच्छादनं निघतात, टायरमधली हवा बघितली जाते, गॅसची टाकी हलवून पाहिली जाते. पुढच्या कप्प्यातली केशरी केबल मात्र ऑक्टोबरात जशी कोंबली होती तशीच पडून असते. आज मी त्या केबलबद्दल बोलणार आहे. कॅम्पसाइटवरच्या विजेच्या खांबापासून आपल्या गाडीपर्यंत, म्हणजे कॅरव्हॅनपर्यंत, लाइट आणणारी ती हुक-अप केबल.

केबल तुमच्या ओळखीची आहे. दोन्ही टोकांना निळे, गोल, १६ अँपिअरचे प्लग-सॉकेट. आत तीन तारा: तपकिरी, निळी आणि अर्थिंगची हिरवी-पिवळी. प्रत्येक तार अडीच चौरस मिलिमीटरची. लांबी २५ मीटर. इथल्या, ब्रिटनमधल्या, वायरिंगच्या नियमांत, म्हणजे बीएस ७६७१ मध्ये, हीच लांबी सांगितली आहे, फार तर दोन मीटर इकडे-तिकडे. खांब कुठे असेल हे आधी कळत नाही म्हणून एवढी लांब. पण बहुतेक वेळा सात-आठ मीटरमध्येच भागतं. मग उरलेल्या सोळा-सतरा मीटरचं आपण काय करतो? आज मला मुख्यतः त्या उरलेल्या केबलबद्दलच बोलायचंय.

त्याआधी जोडायचा क्रम सांगतो, कारण तो चुकलेला मी वारंवार पाहतो. आधी गाडीतली सगळी उपकरणं बंद. मग केबल जोडायची ती आधी गाडीत, नंतर खांबात. काढताना उलट: आधी खांबातून, नंतर गाडीतून. पुन्हा सांगतो. जोडताना आधी गाडी, मग खांब. काढताना आधी खांब, मग गाडी. तुमच्या हातातलं मोकळं टोक कधीही चालू असता कामा नये, विशेषतः ओल्या गवतावर उभं असताना. काही खांबांवर प्लग आत घालून उजवीकडे फिरवावा लागतो आणि काढताना लाल बटण दाबावं लागतं. तिथे जोर करू नका, खांबावरची सूचना वाचा. आणि लाइट आली की गाडीतल्या आरसीडीचं, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण एकदा दाबून बघा. खटकन पडला पाहिजे.

जाता जाता एक बोलतो, कारण मला ते मनापासून वाटतं. सुट्टीवर निघताना आपण अख्खं स्वयंपाकघर बरोबर नेतो. घरची तीन किलोवॅटची किटली, इंडक्शन, एअर फ्रायर. साइटवर १६ अँपिअर म्हणजे जेमतेम ३६८० वॅट. काही साइटवर १० अँपिअरच मिळतात, म्हणजे २३०० वॅट, आणि तिथे घरची किटली लावली की खांबावरचा ब्रेकर पडू शकतो. चहा गॅसवर करा. आलं ठेचून, पातेल्यात उकळून केलेल्या चहाची सर किटलीच्या पाण्याला येत नाही, आणि डोंगराच्या पायथ्याशी थंडीत तर नाहीच नाही.

तर आता तुम्हाला लेक डिस्ट्रिक्टमधली एक गोष्ट सांगतो. ऑक्टोबरातली शाळेची सुट्टी होती. आम्ही तीन-चार मराठी कुटुंबं एकाच साइटवर उतरलो होतो. आमच्या एका स्नेह्यानं नुकतीच जुनी कॅरव्हॅन घेतली होती आणि त्याची आई मिरजेहून आलेली होती. काकूंची इंग्लंडमधली ती पहिलीच थंडी. म्हणून त्यानं गाडीत दोन किलोवॅटचा हीटर रात्रभर चालू ठेवला. सकाळी काकूंना अंघोळीला गरम पाणी हवं म्हणून गाडीतला पाण्याचा हीटरही विजेवर लावला. शिवाय फ्रीज होताच. सगळं मिळून तीन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे तेरा अँपिअर. खांब १६ अँपिअरचा. हिशेबात काहीच चुकलं नव्हतं.

केबल गाडीबरोबरच मिळालेली, तिच्या गोल पिशवीत नीट गुंडाळलेली. खांब अगदी जवळ होता. त्यानं पिशवीतून लागेल तेवढी केबल ओढून घेतली, उरलेली तशीच पिशवीत राहू दिली, चेन लावली आणि पिशवी खांबाशी गवतावर ठेवली. पावसात भिजू नये, कुणाच्या पायात येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. माणूस अतिशय टापटिपीचा. त्या रात्री आमच्या सगळ्यांच्या केबली चिखलात पसरलेल्या होत्या आणि व्यवस्थित दिसत होती ती फक्त त्याची.

रात्री आकाश निरभ्र झालं आणि कडाक्याची थंडी पडली. मिरजेच्या सवयीप्रमाणे काकू पहाटेच उठल्या, शाल पांघरून बाहेर आल्या. मी नळावर पाणी भरत होतो. सगळ्या मैदानावर पांढरं दहिवर पडलेलं, चालताना पायाखाली कुरकुरत होतं. काकू त्यांच्या खांबापाशी थबकल्या आणि मला हाक मारली, "अरे, जरा इकडे ये बघू. सगळीकडे पांढरं आहे, मग एवढंच गवत हिरवं कसं?"

मी जाऊन पाहिलं. पिशवीभोवती हातभर रुंदीचं गोल हिरवं रिंगण. त्यातलं गवत ओलं, आणि पिशवीवरून बारीक वाफ निघत होती. काकू म्हणाल्या, "आणि वास बघ. आमच्याकडे मीटरच्या बोर्डात वायर जळली होती तेव्हा अस्साच येत होता." तो वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही: गोडसर, तेलकट, तापलेल्या प्लास्टिकचा. पिशवीला हात लावायला त्या वाकल्या, तेव्हा मी म्हटलं, "काकू, थांबा, हात नका लावू."

आधी मी गाडीचं दार वाजवलं. आतला हीटर, पाण्याचा हीटर, सगळं बंद करायला लावलं. मग खांबावरचा ब्रेकर खाली पाडला आणि त्यानंतर प्लग काढला. हा क्रम लक्षात ठेवा. केबल तापलेली दिसली की घाबरून प्लग खेचायचा नाही. लोड चालू असताना प्लग ओढला तर आत ठिणगी उडते. आधी लोड बंद, मग ब्रेकर, मग प्लग.

पिशवी गार व्हायला बराच वेळ लागला. तळाचं नायलॉन चकचकीत होऊन सुरकुतलं होतं. चेन उघडली तर बाहेरचे वळसे बरे होते. आतले मात्र एकमेकांना चिकटलेले. स्नेह्यानं दोन वळसे हातानं सोडवायला घेतले आणि चर्र आवाज होऊन एकाचं केशरी आवरण दुसऱ्याबरोबर सोलून निघालं. खाली तपकिरी तार दिसली. तिच्यावरचं प्लास्टिकही बोटाखाली दबत होतं, मऊ मेणासारखं. आणखी काही तास असंच चाललं असतं तर तपकिरी आणि निळी तार एकमेकींना टेकली असती. खांबापासून चार पावलांवर कापडी ऑनिंग, म्हणजे गाडीला जोडलेला तंबू, होतं आणि आत मुलं झोपलेली होती.

एव्हाना साइटचे वॉर्डन आले. वयस्कर गृहस्थ, फारसं न बोलणारे. त्यांनी केबल पाहिली, खिशातून पक्कड काढली आणि दोन्ही टोकांचे प्लग कापून टाकले. कचऱ्यातून उचलून ती कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. मग काकूंकडे वळून त्यांनी टोपी काढली. काकूंनी हात जोडले. दुपारी त्यांच्या ऑफिसात काकूंनी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा पोहोचला होता.

माझ्या स्नेह्यानं तेव्हा एकच प्रश्न विचारला, "मग ट्रिप का नाही झालं?" श्रोतेहो, हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण आपण सगळेच ट्रिपच्या भरवशावर निर्धास्त झोपतो.

खांबावर दोन राखणदार असतात. पहिला ब्रेकर. तो पाहतो की १६ अँपिअरपेक्षा जास्त करंट जातोय का. इथे तेराच जात होते, म्हणून तो गप्प. दुसरा आरसीडी. तो पाहतो की गेलेला करंट तेवढाच परत येतोय का. फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला की तो पडतो. इथे करंट कुठेच गळत नव्हता, म्हणून तोही गप्प. केबल किती तापलीय हे दोघांपैकी कुणीच पाहत नाही. कोणीच नाही. गुंडाळलेली केबल तापली तर ब्रेकर तुम्हाला वाचवणार नाही आणि आरसीडीही वाचवणार नाही.

मग केबल तापते कशामुळे? प्रत्येक तारेला थोडा अवरोध असतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या या केबलमध्ये, जायची आणि यायची तार धरून, २५ मीटरला साधारण ०.४ ओहम. तेरा अँपिअरला त्याचे जवळजवळ ६८ वॅट होतात, सोळाला शंभरावर जातात. मोकळ्या गवतावर २५ मीटरभर पसरलेली ही ऊब हवेत कधी गेली कळतही नाही. तीच पिशवीत कोंडली की आतल्या वळशांची गत चार गोधड्यांखाली झोपलेल्या माणसासारखी होते. आणि साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. काही जण सांगतात की गुंडाळी केली की लोहचुंबक तयार होतं आणि त्यानं तापते. तसं नाही. जाणारी आणि येणारी तार शेजारीच असल्यानं त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं. उष्णतेला वाट मिळत नाही, एवढंच कारण आहे. करंट निम्मा केला तर उष्णता पाव होते, म्हणून नुसता दिवा आणि फ्रीज असताना हेच वेटोळं वर्षानुवर्षं तक्रार करत नाही आणि पहिल्या थंडीच्या रात्री दगा देतं.

म्हणून उरलेली केबल पूर्ण उलगडा. पिशवीतून बाहेर, रिळावरून बाहेर, पूर्ण. गाडीखाली सैल, मोठ्या नागमोडी वळणांत पसरून ठेवा, एकावर एक थर न देता. गाड्यांच्या रस्त्यावरून नेऊ नका, खुंट्या ठोकताना तिच्यावर नजर असू द्या. गाडीतल्या सॉकेटपाशी केबल आधी थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली टपकेल.

हेच आपल्या गणेशोत्सवालाही लागू आहे. भाड्याच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात एक्स्टेंशनचं रीळ असतं, त्यातून दोन मीटर वायर काढलेली, आणि त्यावर मोदक गरम ठेवायचा वॉर्मर, चहाची मोठी किटली. रिळावर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेलं असताना किती आणि उलगडलेलं असताना किती. पहिला आकडा खूप लहान असतो. तो वाचा. मखरासाठी आपण आठवडा घालवतो, त्या रिळासाठी पाच मिनिटं द्यावीत असं माझं कळकळीचं मत आहे.

आता आवरून ठेवणं. केबल कोपर आणि अंगठ्यात गुंडाळू नका. त्यानं प्रत्येक वळशाला एक पीळ बसतो, आतल्या बारीक तारांवर ताण येतो आणि पुढच्या वेळी ती गाठी मारत उलगडते. दोन फुटी मोठे वळसे घ्या. एक वळसा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून. किंवा जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा काढत रचा. दुसऱ्या हातात कोरडं फडकं धरा आणि केबल त्यातून ओढत चला. चिखल निघतो, पाणी निघतं आणि मुख्य म्हणजे हाताला चीर लागते, फुगवटा लागतो, डोळ्यांना न दिसणारं सगळं कळतं. चीर सापडली तर टेप लावायचा नाही, मधे जोड द्यायचा नाही. केबल बदलायची.

शेवटी दोन्ही टोकं उजेडात बघा. पितळी पिना चकचकीत हव्यात. तपकिरी किंवा काळपट डाग दिसला तर तिथे संपर्क ढिला आहे आणि तो तापतोय. प्लगच्या मागे केशरी आवरण आतपर्यंत गेलेलं दिसलं पाहिजे. मधेच आतल्या तारा डोकावत असतील तर इलेक्ट्रिशियनकडे न्या. सॉकेटची झाकणं बंद करा. हिवाळ्यात केबल पूर्ण कोरडी करून, वेल्क्रोच्या पट्टीनं सैल बांधून, घरात किंवा गॅरेजमध्ये रुंद हुकावर टांगा. खिळ्यावर नको, एकाच जागी दबते. जमिनीवर नको, उंदीर कुरतडतात. गारठ्यात पीव्हीसी ताठर होते, तेव्हा जबरदस्तीनं वाकवू नका. नवी घेणार असाल तर एच०७आरएन-एफ असं छापलेली रबरी केबल थंडीतही मऊ राहते. थोडी महाग पडते, पण माझ्या मते ते पैसे वसूल होतात.

जुनी गाडी घेतलेल्यांना एक विनंती. तिच्याबरोबर आलेली केबल या आठवड्यात पिशवीतून पूर्ण बाहेर काढा आणि शेवटच्या वळशापर्यंत हात फिरवा. दोन वळसे एकमेकांना जरा जरी चिकटत असतील तर ती आधी कधीतरी तापलेली आहे. ती वापरू नका, आणि टाकताना दोन्ही प्लग कापून टाका. नमस्कार.