मंदसौरचा चीक, स्टॉर्नोवेचा वाडा

फेब्रुवारीतली दुपार. मंदसौरजवळचं खसखशीचं शेत. पांढरी फुलं गळून गेलीत, हिरवी बोंडं भरून आलीत. बघा, बोंडावर कसे उभे, बारीक चिरे देत चाललेत. चीक रात्रभर पाझरणार आणि उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत खरवडून घ्यायचा. आज हे पीक सरकारी परवान्यावर, औषधांसाठी घेतात. दोनशे वर्षांपूर्वीही काम हेच होतं, मुलूख तेवढा शिंदे-होळकरांचा होता.

आणि हे लुईस बेट, स्कॉटलंडच्या वायव्येला. स्टॉर्नोवे बंदरापलीकडे झाडीतून वर आलाय तो लूझ कॅसल. या बेटावरचा वारा झाड तगू देत नाही, मैलोन्‌मैल नुसती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, काळी दलदल. समोरचं रान मुद्दाम लावलेलं आहे. त्यासाठी मातीसुद्धा बाहेरून आणली. लावणारे सर जेम्स मॅथेसन, या बेटाचे मालक आणि ब्रिटिश संसदेचे सभासद.

त्यांची ओळख ‘चीनचे व्यापारी’ अशी करून देतात. आम्हांला ती अपुरी वाटते. मालाचं नाव घ्यायला हवं, आणि तो ज्या मातीत पिकला तिचंही.

मॅथेसन यांचा जन्म 1796 चा, सदरलंड परगण्यातला. तरुणपणी ते कलकत्त्याला काकांच्या पेढीत आले, तिथून चीनमधल्या कँटनला (आजचं ग्वांगझू) गेले. 1832 मध्ये विल्यम जार्डिन यांच्याबरोबर त्यांनी पेढी काढली. बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकारच्या मक्तेदारीत होती. माळव्याची नव्हती, कारण ती संस्थानांत पिकायची. आधी हा माल कंपनीची नजर चुकवत सिंधमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. 1831 च्या सुमारास कंपनीने पेटीमागे पासाची रक्कम घेऊन मुंबईची वाट मोकळी केली. मग बैलांच्या पाठीवरून अफू मुंबईच्या गोद्यांत येऊ लागली. इथे जार्डिन-मॅथेसनचे मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय. भायखळ्याचं हे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून 1845 मध्ये उभं राहिलं.

चीनमध्ये अफूला बंदी होती. म्हणून पर्ल नदीच्या मुखाशी, लिंटिन बेटाजवळ, जहाजं कायमची नांगरून ठेवलेली असत, पाण्यावरची गोदामंच ती. गिऱ्हाईक कँटनला चांदी मोजून चिठ्ठी घेई. लिंटिनला चिठ्ठी दाखवली की पेट्या वेगवान वल्ह्यांच्या होड्यांत उतरत. 1839 मध्ये चिनी बादशहाचे खास अधिकारी लिन झेशू यांनी वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून युद्ध झालं, चीन हरला.

मॅथेसन 1842 मध्ये चीन सोडून परतले. पुढच्याच वर्षी जार्डिन वारले आणि त्यांची संसदेतली ॲशबर्टनची जागा मॅथेसन यांना मिळाली. 1847 पासून 1868 पर्यंत ते रॉस आणि क्रोमर्टीचे खासदार होते. 1844 मध्ये त्यांनी अख्खं लुईस बेट विकत घेतलं, 1 लाख 90 हजार पौंडांना. मग हा वाडा उठला. ग्लासगोचे वास्तुविशारद चार्ल्स विल्सन यांचं काम. बुरूज पाहा, खिडक्यांच्या कमानी पाहा.

1846 मध्ये बटाट्यावर रोग पडला. मॅथेसन यांनी बेटावर धान्य आणलं, रस्ते बांधायला काढले. त्यांना बॅरोनेट किताब मिळाला. 1851 ते 1855 या काळात बेटावरची दोनेक हजार माणसं कॅनडाला रवाना झाली.

आणि ही लुईसला लागूनच्या बर्नेरा बेटावरची कुरणं. 1874 मध्ये इथल्या कुळांना जमीन सोडण्याच्या 58 नोटिसा बजावल्या, कारभारी डोनाल्ड मन्‍रो यांच्या हुकमाने. नोटीस आणणाऱ्यांवर ढेकळं पडली. मग शंभरावर माणसं बॅगपाइप वाजवत याच रस्त्याने या वाड्यापर्यंत चालत आली, मालकाला भेटायला. ढेकळं फेकल्याच्या खटल्यात तिघेही आरोपी निर्दोष सुटले. मॅथेसन 1878 मध्ये फ्रान्समध्ये वारले.

1923 मध्ये पुढचे मालक लॉर्ड लेव्हरह्यूम यांनी वाडा आणि रान स्टॉर्नोवेच्या लोकांना देऊन टाकलं. आता सकाळी या वाटेने गावातली माणसं फिरायला येतात.